चालून बघितलेली रेघ

माझ्या टेबलावर एक दगड असायचा. मुठीएवढाच, पण पहिल्यांदा उचलणारा दचकायचा इतका जड. रंग काळपट करडा, एका कडेला लालसर. ट्रेसिंग क्लॉथवर जरा सरकला की वाळल्या कुंकवासारखी रेघ उठायची, म्हणून मी त्याच्याखाली फ्लॅनेलचा तुकडा घालून ठेवायचो. हेमाटाइट. दल्ली-राजहराच्या डोंगरातला. आमचे एक साहेब त्या बाजूला गेले होते, त्यांनी येताना आणला आणि माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "भाऊ, तुम्हाला पेपरवेट. सांभाळा, याच्यावर भिलाई उभी आहे."

मी भूवैज्ञानिक नव्हे. मी ड्राफ्ट्समन. नागपूरच्या जीएसआयमध्ये, म्हणजे भूवैज्ञानिक सर्वेक्षणात, माझी अख्खी नोकरी गेली ती इतरांनी चालून काढलेल्या रेघा शाईने गिरवण्यात. साहेब लोक दिवाळीच्या आगेमागे तंबू, खाटा, कंदील आणि स्वयंपाकी जीपमध्ये घालून फील्डला जात. उन्हं डोक्यात जायला लागली की काळे होऊन परत येत. मग पावसाळाभर माझ्या खोलीत त्यांच्या चकरा. हातात टोपोशीट. आठ घड्या पडलेलं, घड्यांवर चिकटपट्टी मारलेलं, कुठे चहाचा गोल, कुठे हळदीचं बोट. एकदा तर एका शीटवर चेपलेली लाल मुंगी निघाली होती, नेमकी एका गावाच्या नावावर. ते गाव मला साहेबांना विचारून घ्यावं लागलं.

या शीटवर पेन्सिलीने जे असतं ते सगळं पायी मिळवलेलं असतं. इथे खडक उघडा दिसला, टिंब. इथे थर अमुक दिशेला इतके अंश कललेला, आखूड दांडीची खूण आणि बाजूला आकडा. दोन वेगळे खडक जिथे भेटतात तिथे रेघ. या रेघेतच सगळी गोम आहे. सलग रेघ म्हणजे हद्द डोळ्यांनी पाहिली. तुटक रेघ म्हणजे हद्द इथूनच जात असणार, पण वर माती आहे, शेत आहे, जंगल आहे, पाहिलेली नाही.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मला ती तुटक रेघ फार बावळट दिसायची. रामटेकच्या बाजूची, ५५ ओ मधली एक शीट होती. सुंदर वळण घेत आलेली हद्द मध्येच तुटक, मग पुन्हा सलग. मी सगळी सलग करून टाकली. हात चांगला होता, वळणही झकास आलं. साहेब आले, चष्मा वर केला, बराच वेळ पाहत राहिले. रागावले नाहीत. नुसतं विचारलं, "ही रेघ तुम्ही कुठे चालून बघितली?"

ती शीट मी पहिल्यापासून पुन्हा काढली. आणि तेव्हापासून कोणाही भूवैज्ञानिकाचं नाव ऐकलं की माझ्या मनात पहिला प्रश्न तोच येतो: हा माणूस कुठे चालला?

प्रमथनाथ बोस हे नाव मला त्या पेपरवेटच्या दगडामुळे कळलं. शाळेच्या पुस्तकात टाटा होते, जमशेदपूर होतं, भिलाई होती. बोस नव्हते. चोवीस परगण्यांतल्या गोबरडांग्याजवळच्या गावात १८५५ चा जन्म. गिलख्रिस्ट शिष्यवृत्ती मिळवून १८७४ मध्ये इंग्लंडला गेले, लंडन विद्यापीठाची पदवी घेतली, रॉयल स्कूल ऑफ माइन्समध्ये शिकले आणि १८८० मध्ये सर्वेक्षणात वरच्या श्रेणीचे अधिकारी म्हणून दाखल झाले. त्यांच्याआधी रामसिंग, किशनसिंग, हिरालाल असे तिघे हिंदी लोक उमेदवार म्हणून घेतलेले होते, पण अधिकाऱ्याच्या श्रेणीत बसलेले हिंदी गृहस्थ हे पहिले.

त्या वेळी सर्वेक्षणाचे प्रमुख होते हेन्री मेडलिकॉट. 'गोंडवन' हे नाव भूशास्त्रात आणणारा हाच माणूस. आमच्या गोंडांच्या नावाला त्याने दक्षिण गोलार्धाच्या जुन्या खंडापर्यंत पोचायची वाट करून दिली. पण हिंदी माणसाच्या हातून निसर्गविज्ञानात स्वतःचं असं काही काम होऊ शकतं, यावर त्याचा काडीचा विश्वास नव्हता, आणि त्याने ते लेखी कळवलंही होतं. अशा साहेबाच्या हाताखाली बोस रुजू झाले.

तेव्हाची ही नोकरी सुखाची नव्हतीच, गोऱ्यांनाही नाही. कंपनी सरकारने कोळसा शोधायला नेमलेला डी. एच. विल्यम्स १८४८ मध्ये हजारीबागच्या बाजूला जंगलतापाने मेला. त्याचा मदतनीस जोन्सही त्याच तापाने गेला. १८५१ मध्ये टॉमस ओल्डहॅम कलकत्त्यात उतरला तेव्हा त्याला सर्वेक्षणाची कचेरी म्हणून एक खोली, एक पेटी आणि एक शिपाई एवढंच मिळालं, असं आमच्यात सांगतात. स्टोलिच्का १८७४ मध्ये लडाखच्या वाटेवर गेला. आमच्या नागपुरातले पाद्री स्टीफन हिस्लॉप सर्वेक्षणाचे नोकर नव्हते, पण इथल्या खडकांवर त्यांनी आधी लिहून ठेवलं. तेही १८६३ मध्ये टाकळघाटची दगडांची वर्तुळं पाहून परतताना बोरीच्या पुरात बुडाले. नागपुरात हिस्लॉप कॉलेजचं नाव घेणारे हजारो, हिस्लॉपांचं दगडांचं काम ठाऊक असलेले थोडे.

बोस पहिल्यांदा चालले ते नर्मदेच्या काठाने. निमावर ते कवांट. आजच्या हिशेबाने मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यापासून गुजरातेतल्या छोटा उदेपूरपर्यंत. त्यांच्या आधी ब्लॅनफर्ड नावाचा भूवैज्ञानिक तिथून गेला होता, पण बोसांनी थर न् थर सुटा केला. आपल्या दख्खनच्या काळ्या कातळाखाली तिथे चुनखडक आहेत आणि त्यांत समुद्री शंख-शिंपले आहेत. म्हणजे ज्वालामुखीचा लाव्हा येण्याआधी नर्मदेच्या खोऱ्यात समुद्र आत आला होता. बाग या गावावरून त्यांना बाग थर म्हणतात. बोसांनी त्यांचे भाग पाडले: खाली गाठाळ चुनखडक, त्यावर देवला आणि चिराखान इथला चिकणचुना, सगळ्यात वर प्रवाळी चुनखडक. १८८४ मध्ये हे सर्वेक्षणाच्या 'मेम्वार्स'मध्ये छापून आलं. पुढे लोकांनी या वाटणीवर पुष्कळ वाद घातले, पण देवला आणि चिराखान ही धार जिल्ह्यातली दोन खेडी भूशास्त्राच्या कोष्टकात बसली ती बसलीच. ती अक्षरं मी स्वतः स्टेन्सिलने काढलेली आहेत. चिराखान लिहिताना दर वेळी वाटायचं, त्या गावच्या पोलीसपाटलाला हे कोणी सांगितलं असेल का?

मग बोस आमच्या मुलखात आले. आमच्या म्हणजे तेव्हाच्या मध्य प्रांतात, ज्याची राजधानी नागपूर. १८८७ मध्ये त्यांनी सर्वेक्षणाच्या 'रेकॉर्ड्स'मध्ये रायपूर जिल्ह्याच्या पश्चिम भागातल्या लोखंडाच्या धंद्यावर टिपण छापलं. दुर्ग हा वेगळा जिल्हा झाला १९०६ मध्ये. तोवर डौंडी-लोहारा जमीनदारी आणि दल्ली-राजहराचे डोंगर रायपुरातच धरले जात.

या टिपणाच्या मथळ्यातली एक गोष्ट मला आवडते. ते खनिजावर नाही, धंद्यावर आहे. त्या भागात गावठी भट्ट्यांत लोखंड गाळणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या होतेच. आमचे साहेबही नव्या गावात शिरले की आधी उकिरडे आणि ओढ्याकाठ बघायचे. काळी, फेसाळ, जड अशी कीट पडलेली दिसली की आजूबाजूला लोखंड आहे हे ठरलेलं. गावकरी विचारायचे, "सोनं शोधता का जी?" साहेब म्हणायचे, "नाही बाबा, तुमच्या आजाने काय टाकलं ते शोधतो."

आता नागपूरकरांनी इथे कान द्यावा. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १८७७ पासून आमच्या गावात चालू होती. १८८२ मध्ये फॉन श्वार्ट्झ नावाच्या जर्मन तज्ज्ञाचा चांदा जिल्ह्यातल्या लोखंडावरचा अहवाल जमशेटजींच्या हाती पडला. चांद्यात लोहारा नावाच्या गावी लोखंडाची टेकडी, आणि जवळ वरोऱ्याचा कोळसा. याहून काय पाहिजे! पण वरोऱ्याचा कोळसा तपासून घेतला तो भट्टीला नालायक निघाला, आणि पोलादाचं स्वप्न वीसेक वर्षं बांधून ठेवावं लागलं.

ते पुन्हा सुटलं १९०३ च्या सुमारास. अमेरिकेहून वेल्ड हा भूवैज्ञानिक आला. त्याच्यासोबत जमशेटजींचे चिरंजीव दोराबजी आणि दोराबजींचे आतेभाऊ शापुरजी सकलातवाला, जे पुढे इंग्लंडात पार्लमेंटचे कम्युनिस्ट सभासद झाले. तिघे बैलगाड्यांतून चांद्याचं जंगल तुडवत हिंडले. पाण्याचे इतके हाल, की चहा सोडावॉटरमध्ये उकळला म्हणतात. चांद्याला राहिलेल्या माणसाला हे खोटं वाटणार नाही. लोखंड सापडलं, पण कारखान्याला पुरेल असं नाही. वेल्डने नाही म्हटलं.

दोराबजी नागपूरला आले ते सरकारला एवढंच सांगायला, की आम्ही हा नाद सोडला. सचिवालयात ज्या साहेबाला भेटायचं तो जागेवर नव्हता. ताटकळत बसण्यापेक्षा ते समोरच्या म्युझियममध्ये शिरले. समोरचं म्युझियम म्हणजे आपला अजब बंगला. १८६३ चा. पेंढा भरलेला वाघ आणि तांब्याच्या कुऱ्हाडी पाहायला अख्खा विदर्भ जत्रेसारखा येतो, तोच. तिथे भिंतीवर मध्य प्रांताचा रंगीत भूवैज्ञानिक नकाशा होता. रायपूरच्या अलीकडे, दुर्गच्या बाजूला, लोखंड दाखवणारा गडद रंग. दोराबजींनी वेल्डला बोलावून तो दाखवला. बोसांचं टिपण काढून वाचलं गेलं. ते दल्ली-राजहराला पोचले तेव्हा डोंगरावर पाय आपटला की धातूसारखा आवाज यायचा, असं वर्णन आहे. माझ्या टेबलावरच्या दगडावर पट्टी वाजवून मी पुष्कळदा खात्री केली आहे. आवाज येतो.

मी आयुष्यभर नकाशे रंगवले, त्यामुळे ही गोष्ट मला बाकीच्यांपेक्षा निराळी लागते. ऐकणारे म्हणतात, केवढा योगायोग! माझ्या मते योगायोग एवढाच, की साहेब जागेवर नव्हता. आणि साहेब जागेवर नसणं हा आपल्याकडे योगायोग धरत नाहीत. बाकीचं सगळं केलेलं होतं. कोणीतरी तो डोंगर पंधरा-सोळा वर्षं आधी चढला होता, दगड फोडला होता, हद्द आखली होती. कोणा नाव नसलेल्या ड्राफ्ट्समनने तो पट्टा गडद रंगवला होता, आणि कोणा शहाण्याने नकाशा गुंडाळून कपाटात न टाकता भिंतीवर टांगला होता. या शेवटच्या माणसाचं तर मला जास्तच कौतुक आहे. आमच्याकडे गुंडाळायची सवय जास्त.

दुर्गच्या डोंगरात लोखंड उत्तम, साठ टक्क्यांच्या वर. पण भट्टीला चालेल असा कोळसा जवळ नाही आणि एवढ्या कारखान्याला पुरेल असं पाणीही नाही. टाटांना तोही डोंगर सोडावा लागला.

इकडे कलकत्त्यात त्याच १९०३ मध्ये सर्वेक्षणाच्या डायरेक्टरची जागा रिकामी झाली. बोसांची तेवीस वर्षं झाली होती. नर्मदा, रायपूर, बालाघाट, जबलपूरचं मँगनीज, सिक्कीम, ब्रह्मदेशात तव्हॉय आणि मर्गुई, आसामचा कोळसा, एवढं चालून झालं होतं. खडकाचा पारदर्शक होईल इतका पातळ काप काढून तो सूक्ष्मदर्शकाखाली वाचायचा, ही रीत इथे आणणाऱ्या पहिल्या लोकांत ते होते. असा काप मिलिमीटरच्या तीन शतांशाएवढा घासावा लागतो. जरा जास्त घासला तर दगड नाहीसाच होतो. जागा मिळाली टॉमस हॉलंडला. तो १८९० मध्ये लागलेला, बोसांपेक्षा दहा वर्षांनी ज्युनियर.

हॉलंड कच्चा माणूस होता असं मी म्हणणार नाही. कलकत्त्याचा संस्थापक मानला जाणारा जॉब चार्नॉक याच्या थडग्याचा दगड पाहून त्या जातीला 'चार्नोकाइट' नाव देणारा तोच, आणि त्याचं काम जगाने मानलं. पण रांग ती रांग. बोसांनी नोकरी सोडली. पुढे झाबुआच्या काजळीडोंगरी खाणीतल्या एका मँगनीज खनिजाला फर्मर या भूवैज्ञानिकाने डायरेक्टरसाहेबांचं नाव दिलं, 'हॉलंडाइट'. काजळीडोंगरी म्हणजे बोस नोकरीच्या पहिल्या हिवाळ्यांत हिंडले त्या बाग थरांच्या शेजारचाच मुलूख. असं असतं.

सर्वेक्षणाच्या डायरेक्टरच्या खुर्चीत हिंदी माणूस बसायला त्यानंतर ४८ वर्षं लागली. १९५१ मध्ये एम. एस. कृष्णन. ओल्डहॅम कलकत्त्यात उतरला त्याला तेव्हा बरोब्बर शंभर वर्षं झाली होती.

नोकरी सोडलेला भूवैज्ञानिक काय करतो? आमचे बरेच जण निवृत्तीनंतर बंगल्याच्या बागेत दगड मांडून बसतात आणि पाहुण्यांना पिडतात. बोस मयूरभंज संस्थानात गेले, महाराजांचे भूवैज्ञानिक म्हणून, आणि तिथे पुन्हा चालायला लागले. गोरुमहिसानीचा डोंगर त्यांच्या हाती लागला. २४ फेब्रुवारी १९०४ रोजी त्यांनी जमशेटजी टाटांना पत्र लिहिलं: लोखंड इथे आहे, आणि झरियाचा कोळसा दूर नाही. त्याच मे महिन्यात जमशेटजी जर्मनीत वारले. पण पत्र पोचलं होतं. वेल्ड आणि पेरिन नावाचा त्याचा सहकारी तो डोंगर पाहायला आले आणि या वेळी नाही म्हणायचं कारण उरलं नाही. १९०७ मध्ये कंपनी नोंदली गेली. साकची नावाच्या खेड्यात भट्ट्या उभ्या राहिल्या, १९११ च्या डिसेंबरात लोखंडाची पहिली धार आली, १९१२ मध्ये पोलाद निघालं. साकचीचं पुढे जमशेदपूर झालं.

सरकारी नोकरीत राहिले असते तर बोसांना ते पत्र लिहिता आलं असतं का, हा विचार माझ्या मनात येतो. अहवाल कलकत्त्याला गेला असता, 'रेकॉर्ड्स'मध्ये छापला असता, आणि मग पुन्हा कोणीतरी म्युझियममध्ये शिरायची वाट बघत बसला असता.

बोसांचं घरही मोठ्या माणसांचं. रमेशचंद्र दत्त त्यांचे सासरे. हिंदुस्थानातून पैसा कसा वाहून जातो याचा हिशेब मांडणारे दत्त पुढे बडोद्याला सयाजीरावांचे दिवाण झाले आणि १९०९ मध्ये बडोद्यातच वारले. सासरा देशाच्या दारिद्र्याचा हिशेब मांडतो आणि जावई देशाचं लोखंड शोधतो, अशी ती जोडी. १९०६ मध्ये स्वदेशीच्या भरात निघालेल्या बेंगॉल टेक्निकल इन्स्टिट्यूटचे बोस पहिले प्राचार्य. त्याच रोपट्याचं पुढे जादवपूर विद्यापीठ झालं.

आणि एवढं करून हा माणूस म्हातारपणी उलटा वळला. १९१३ नंतरच्या त्यांच्या पुस्तकांत पश्चिमेच्या यंत्रसंस्कृतीवर कडक टीका आहे. हा मार्ग आपला नव्हे, असा सूर. वाचून मी चक्रावलोच. ज्यांच्या पत्रावर देशातला एवढा मोठा पोलाद कारखाना उभा राहिला, त्यांनी रांचीत बसून हे लिहावं? आमच्या एका निवृत्त साहेबांना मी हे विचारलं. त्यांनी चांद्याच्या कोळशाचे नकाशे केले होते. ते म्हणाले, "तू कधी आमच्या जुन्या कॅम्पच्या जागेवर परत गेलायस का? मी गेलो होतो. माझ्या तंबूच्या जागी आता तीनशे फूट खोल खड्डा आहे. तो मीच दाखवला होता." मग त्यांनी चहा मागवला आणि विषय बदलला.

बोस १९३४ मध्ये रांचीत वारले. भिलाईची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये पेटली, दल्ली-राजहराच्या खनिजावर. १८८७ च्या टिपणातला डोंगर ७२ वर्षांनी कामाला आला.

माझा दगड आता घरी आहे. निवृत्तीच्या दिवशी रीतसर विचारून आणला. उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया घातल्या की बायको तो साडीच्या कोपऱ्यावर ठेवते आणि साडीला लाल डाग पडला म्हणून मलाच बोलते. कचेरीत आता ड्राफ्ट्समनची खोली नाही. नकाशे संगणकावर होतात, रंग एका क्लिकमध्ये भरतात. चांगलंच आहे; माझे डोळे त्या शाईतच गेले.

वाचकांकडे एकच मागणं आहे. तुमच्या आजोबांनी, मामांनी, शेजारच्या काकांनी सर्वेक्षणात नोकरी केली असेल, तर माळ्यावर कुठेतरी कापडी बांधणीची फील्डबुकं आणि घड्या घातलेली शीटं असतील. रद्दीवाल्याला देण्याआधी एकदा उलगडून बघा. शाई उडाली असेल, पेन्सिल टिकलेली असते. जवळच्या कॉलेजात भूशास्त्राचा विभाग असेल तर तिथे नेऊन द्या. आणि जोडायचा मोह झाला तरी त्यांवरच्या तुटक रेघा जोडू नका.